डॉ. द्वारकानाथ कोटणीस

डॉ. द्वारकानाथ कोटणीस हे एक थोर डॉक्टर होऊन गेले. त्यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापूर येथे झाला. सोलापूर हे आपल्या इचलकरंजीसारखंच मागांचं शहर आहे. तिथली चादर आपल्याकडे घरोघरी असते. द्वारकानाथ मुंबईला शिकून डॉक्टर झाले.

१९३७ साली जपानने चीनवर मोठा हल्ला केला. चीनमध्ये खूप माणसं जखमी होत होती आणि डॉक्टर फार कमी होते. म्हणून चीनने भारताकडे मदत मागितली. तेव्हा आपला देशच इंग्रजांच्या ताब्यात होता. तरीपण आपल्या लोकांनी पैसे जमवले आणि १९३८ साली पाच डॉक्टर बोटीने चीनला पाठवले. त्यांत कोटणीस होते.

ते चीनमध्ये असतानाच इकडे त्यांचे वडील वारले. आपल्याकडे वडील गेले की मुलगा कुठेही असो, धावत घरी येतो. कोटणीसांनाही रडू आलं असेल. पण जखमी सैनिकांना सोडून ते परत आले नाहीत.

ते चिनी भाषा बोलायला आणि लिहायला शिकले. लढाईच्या जवळच ते ऑपरेशन करत. एकदा तर ७२ तास, म्हणजे तीन दिवस आणि तीन रात्री, त्यांनी न झोपता काम केले. कॅनडाचे डॉ. बेथून हे जखमींची सेवा करता करता १९३९ साली वारले होते. त्यांच्या नावाच्या दवाखान्याचे कोटणीस १९४१ साली प्रमुख झाले. तिथल्याच एका नर्सबाईंशी त्यांचं लग्न झालं. त्यांना मुलगा झाला. त्याचं नाव यिनहुआ ठेवलं. यिन म्हणजे भारत आणि हुआ म्हणजे चीन.

पुढे त्यांना फेफऱ्याचे झटके येऊ लागले. तरी त्यांनी काम सोडलं नाही. ९ डिसेंबर १९४२ रोजी ते वारले. तेव्हा ते फक्त ३२ वर्षांचे होते आणि बाळ चार महिन्यांचंही नव्हतं. पाचांपैकी चार डॉक्टर भारतात परत आले. कोटणीस तिथेच राहिले.

आपल्या कोल्हापूरच्या व्ही. शांताराम यांनी १९४६ साली त्यांच्यावर सिनेमा काढला. चीनमध्ये त्यांचा पुतळा आहे.

ते जखमी लोक त्यांच्या गावाचे नव्हते, नात्याचे नव्हते, देशाचेही नव्हते. तरी कोटणीसांनी त्यांना आपलं मानलं. म्हणून मला ते फार मोठे वाटतात.

– इयत्ता ४ थी