वाळूचा अभ्यासक : राल्फ बॅग्नोल्ड

वाळवंटातून चालणाऱ्या उंटाच्या पायाकडे बारकाईने पाहिले, तर एक गोष्ट ध्यानात येते. उंटाचे पाऊल रुंद आणि मऊ असते. जमिनीवर टेकताच ते पसरते. त्यामुळे त्या अवजड प्राण्याचे वजन पुष्कळ जागेवर विभागले जाते आणि पाय वाळूत फारसा रुतत नाही. याउलट, पावसाळ्यात चिखलातून जाणाऱ्या बैलगाडीचे लोखंडी धाव बसवलेले अरुंद चाक खोल रुतून बसते. बैलांनी कितीही जोर लावला तरी ते सहजासहजी निघत नाही. जोर कमी पडतो असे नव्हे. जमीन आणि चाक यांचा मेळ बसत नाही.

मोटारीचा शोध लागल्यावर हाच प्रश्न वाळवंटात नव्याने उभा राहिला. पक्क्या रस्त्यावर वेगाने धावणारी मोटार मऊ वाळूत शिरताच हतबल होई. या प्रश्नाचे उत्तर ज्यांनी अनुभवातून, प्रयोगातून आणि अभ्यासातून शोधले, त्यांत राल्फ अ‍ॅल्जर बॅग्नोल्ड यांचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागते. ते सैनिक होते, प्रवासी होते आणि पुढे शास्त्रज्ञ म्हणूनही जगन्मान्य झाले.

बॅग्नोल्ड यांचा जन्म ३ एप्रिल १८९६ रोजी इंग्लंडमधील डेव्हनपोर्ट येथे झाला. त्यांचे वडील ब्रिटिश सैन्याच्या अभियंता दलात अधिकारी होते आणि त्यांनी इजिप्त व सुदानमध्ये काम केले होते. त्यांची थोरली बहीण एनिड पुढे प्रसिद्ध लेखिका झाली. राल्फ यांना लहानपणापासून यंत्रांची आणि हाताने वस्तू तयार करण्याची आवड होती. वडिलांप्रमाणेच तेही अभियंता दलात दाखल झाले. पहिल्या महायुद्धात त्यांनी फ्रान्समधील रणभूमीवर काम केले. युद्ध संपल्यावर त्यांनी केंब्रिज विद्यापीठात अभियांत्रिकीचे शिक्षण घेतले आणि ते पुन्हा सैन्यात रुजू झाले.

१९२६ साली त्यांची नेमणूक इजिप्तमधील कैरो येथे झाली. कैरो शहराच्या पश्चिमेला नाईल नदीचे हिरवे खोरे संपते आणि लिबियाचे अफाट वाळवंट सुरू होते. रजेच्या दिवसांत इतर अधिकारी शहरात करमणुकीत रमत, तेव्हा बॅग्नोल्ड आणि त्यांचे काही मित्र साध्या फोर्ड मोटारी घेऊन वाळवंटात जात. आरंभी त्यांनी सिनाईचा प्रदेश पाहिला, पुढे सीवा या मरूद्यानापर्यंत मजल मारली. या प्रवासांचा खर्च ते स्वतःच करीत. त्यांपैकी कोणीही नामांकित संशोधक नव्हता. परंतु प्रत्येक प्रवासातून काही तरी शिकायचे, हा त्यांचा परिपाठ होता.

त्यांना खुणावत होता तो ‘वाळूचा महासागर’. इजिप्त आणि लिबियाच्या सीमेवर पसरलेल्या या प्रदेशात शेकडो किलोमीटरपर्यंत वाळूच्या टेकड्यांच्या रांगा आहेत. काही टेकड्यांची उंची १०० मीटरच्या आसपास भरते. गेर्हार्ड रोल्फ्स या जर्मन प्रवाशाने १८७४ साली उंटांचा तांडा घेऊन हा प्रदेश पश्चिमेकडे ओलांडण्याचा प्रयत्न केला होता. पण एकामागून एक येणाऱ्या टेकड्यांपुढे त्याला दिशा बदलून उत्तरेकडे वळावे लागले. जिथे उंट हरले, तिथे मोटारी जाणे अशक्यच, अशी सर्वसाधारण समजूत होती.

ही समजूत निराधार नव्हती. या भागात पाणी नाही, वस्ती नाही, झाडाची सावलीही नाही. सोबत नेलेले पाणी आणि पेट्रोल हाच प्रवाशांचा आधार. मोटार वाळूत कायमची रुतली किंवा बंद पडली, तर शेकडो किलोमीटर पायी चालत येणे मनुष्याच्या शक्तीपलीकडचे असे. म्हणून इथे टायरची निवड ही सोयीची बाब नव्हती. माणसांचा जीव त्यावर अवलंबून होता.

बॅग्नोल्ड यांनी या अडचणीकडे अभियंत्याच्या दृष्टीने पाहिले. मोटार रुतली की चालक सहसा इंजिनाचा जोर वाढवतो. परंतु त्यामुळे चाक जागच्या जागी फिरते, वाळू उपसते आणि अधिकच खोल जाते. तेव्हा उपाय इंजिनात नसून चाकात आहे, हे त्यांनी ओळखले. टायरमधील हवा कमी केली की टायर थोडा चपटा होतो आणि जमिनीला त्याचा अधिक भाग टेकतो. समजा, एका चाकावर ५०० किलोग्रॅम भार आहे आणि टायरमधील हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला २ किलोग्रॅम आहे. अशा वेळी ढोबळमानाने टायरचा २५० चौरस सेंटिमीटर भाग जमिनीला टेकतो. दाब निम्मा केला, तर हाच भाग जवळजवळ दुप्पट होतो. वजन तेवढेच राहते. पण ते दुप्पट जागेवर विभागले गेल्याने चाक कमी रुतते. उंटाच्या पावलाला निसर्गाने जे दिले, तेच हवा सोडून टायरला देता येते.

मात्र एका ठिकाणचा उपाय दुसऱ्या ठिकाणी अपाय ठरू शकतो, याचीही त्यांना जाणीव होती. वाळवंट म्हणजे केवळ वाळू नव्हे. त्यात कठीण खडीची मैदाने असतात आणि धारदार दगडांचे पठारही असते. कमी हवेचा टायर दगडांवरून गेला की त्याच्या बाजू फाटतात. कठीण जमिनीवर तो वेगाने चालवला, तर सतत दबून-फुगून तापतो आणि फुटतो. त्यामुळे वाळू आली की हवा सोडायची आणि दगडाळ जमीन आली की उतरून पुन्हा हवा भरायची, हा कष्टाचा नेम पाळावा लागे. टायर निवडतानाही हाच विचार असे. मऊ वाळूसाठी रुंद आणि कमी दाबावर चालणारा टायर चांगला. त्यावरील नक्षी फार खोल नसावी, कारण खोल खाचांचा टायर वाळू खणत जातो. चिखलात मात्र खोल खाचाच उपयोगी पडतात. खडकाळ भागात टायरच्या बाजू जाड आणि मजबूत असाव्या लागतात. सर्व प्रकारच्या जमिनीवर सारखाच उत्तम चालेल असा टायर नसतो. कोणत्या जमिनीवरून अधिक प्रवास करायचा आहे आणि मोटारीत किती भार आहे, हे आधी ठरवावे लागते.

भार कमी करण्याकडेही बॅग्नोल्ड यांचे लक्ष असे. अनावश्यक वस्तू ते मोटारीवर ठेवत नसत. मोटार रुतलीच, तर चाकांखाली घालण्यासाठी ते पोलादी पन्हळी पट्ट्या बरोबर नेत. कैरोमधील भंगाराच्या दुकानात त्यांना अशा पट्ट्या मिळाल्या होत्या. युद्धकाळात खंदकांच्या छपरासाठी तयार केलेल्या या टाकाऊ वस्तू वाळवंटात मोलाच्या ठरल्या. उकळलेल्या पाण्याची वाफ रेडिएटरमधून बाहेर जाऊन वाया जाऊ नये, म्हणून ती नळीने पाण्याच्या डब्यात सोडण्याची युक्ती त्यांनी वापरली. डब्यात वाफेचे पुन्हा पाणी होई आणि इंजिन थंड झाल्यावर ते आपोआप रेडिएटरमध्ये परत येई. मोटारीच्या लोखंडामुळे चुंबकीय होकायंत्र चुकीची दिशा दाखवी. त्यावर उपाय म्हणून त्यांनी सूर्याच्या सावलीवरून दिशा दाखवणारे होकायंत्र तयार केले. यांतील काही कल्पना पहिल्या महायुद्धात वाळवंटात गस्त घालणाऱ्या तुकड्यांनी पूर्वीच योजल्या होत्या. बॅग्नोल्ड यांनी त्या सुधारल्या, एकत्र आणल्या आणि त्यांची एक शिस्तबद्ध पद्धत घडवली.

मधल्या काळात त्यांची बदली हिंदुस्थानात झाली. त्या वेळच्या वायव्य सरहद्दीवर काम करीत असतानाही त्यांच्या मनातून वाळवंट गेले नाही. तेथूनच त्यांनी पुढील मोहिमेची आखणी केली आणि १९२९ साली रजा घेऊन ते इजिप्तला परतले. आपल्या सोबत्यांसह ते वाळूच्या महासागरात शिरले. एका उंच टेकडीपुढे मोटार आली, तेव्हा वळसा घालण्याऐवजी त्यांनी वेग वाढवून ती सरळ चढावर घातली. सारे श्वास रोखून बसले होते. मोटार रुतली नाही. ती अलगद माथ्यावर पोहोचली. वाऱ्याने घट्ट बसवलेला टेकडीचा तो उतार मोटारीचे वजन पेलण्याइतका कठीण होता. मात्र शेजारचीच वाळू इतकी भुसभुशीत असे की, चाक तिच्यात आसापर्यंत बुडे. दोन्ही ठिकाणची वाळू दिसायला सारखीच. वागणूक मात्र वेगळी. असे का व्हावे, हा प्रश्न त्यांच्या मनात घर करून राहिला.

१९३० आणि १९३२ साली त्यांनी आणखी लांबच्या मोहिमा केल्या. इजिप्त, लिबिया आणि सुदान यांच्या सीमा जिथे मिळतात, त्या उवेनात पर्वताच्या परिसरापर्यंत आणि त्याही पलीकडे त्यांच्या मोटारी पोहोचल्या. नकाशावर कोऱ्या असलेल्या भागांची माहिती जगाला मिळाली. लंडनच्या रॉयल जिओग्राफिकल सोसायटीने १९३४ साली सुवर्णपदक देऊन त्यांचा गौरव केला.

१९३५ साली वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी बॅग्नोल्ड सैन्यातून निवृत्त झाले. त्यांच्या आयुष्याचा खरा कसोटीचा काळ इथे सुरू झाला, असे म्हणता येईल. विद्यापीठात त्यांना पद नव्हते, शास्त्रज्ञ म्हणून नाव नव्हते. तरीही वाळू वाऱ्याने कशी हलते, हा प्रश्न त्यांना स्वस्थ बसू देईना. त्यांनी स्वतः प्लायवूड आणि काच वापरून वाऱ्याचा एक बोगदा तयार केला. लंडनच्या इंपीरियल कॉलेजमध्ये तो बसवून त्यांनी वाळूच्या कणांचे निरीक्षण सुरू केले. वाळूचे बहुतेक कण धुळीप्रमाणे हवेत तरंगत नाहीत. ते उड्या मारीत पुढे जातात आणि खाली पडताना दुसऱ्या कणांना धक्का देतात, हे त्यांनी मोजमाप करून दाखवले. प्रयोगशाळेतील निष्कर्ष पडताळण्यासाठी ते पुन्हा वाळवंटात गेले आणि वाळूच्या वादळात बसून त्यांनी नोंदी घेतल्या. या अभ्यासावरील त्यांचा ग्रंथ १९४१ साली प्रसिद्ध झाला. १९४४ साली रॉयल सोसायटीने त्यांना सदस्यत्व दिले.

दरम्यान दुसरे महायुद्ध सुरू झाले होते. १९३९ साली बॅग्नोल्ड यांना पुन्हा सैन्यात बोलावण्यात आले. प्रवासात त्यांच्या जहाजाचा अपघात झाला आणि ते योगायोगाने इजिप्तमध्ये थांबले. जून १९४० मध्ये इटलीने युद्धात उडी घेतल्यावर, शत्रूच्या मागे वाळवंटातून दूरवर गस्त घालणारे छोटे पथक उभारावे, ही त्यांची सूचना सेनापती वेव्हेल यांनी स्वीकारली. अवघ्या काही आठवड्यांत ‘लाँग रेंज डेझर्ट ग्रुप’ तयार झाला. आरंभीचे बहुतेक सैनिक न्यूझीलंडचे होते आणि त्यांत शेतीवर काम केलेले अनेक जण होते. त्यांनी वाळवंट कधी पाहिले नव्हते; परंतु यंत्रे हाताळण्याची आणि ती जपण्याची त्यांना सवय होती. बॅग्नोल्ड यांनी त्यांना टायरमधील हवा केव्हा सोडावी, केव्हा भरावी आणि वाळूचा रंग व उतार कसा पारखावा, याचे धडे दिले. १९४२ साली या पथकाबरोबर भारतीय सैनिकांची एक तुकडीही काम करू लागली.

या पथकाचा एक अनुभव विचार करण्याजोगा आहे. आरंभी पथकाकडे केवळ मागच्या दोन चाकांना इंजिनाचा जोर मिळणारे शेवरले ट्रक होते. १९४१ साली त्यांना चारही चाकांना जोर मिळणारे फोर्ड ट्रक देण्यात आले. हे ट्रक ताकदवान होते. पण ते जड होते आणि पेट्रोलही पुष्कळ खात. दूरच्या प्रवासात पेट्रोलचा प्रत्येक डबा मोलाचा असल्यामुळे १९४२ साली पथक पुन्हा दोन चाकांच्या हलक्या शेवरले ट्रककडे वळले. केवळ ताकद वाढवल्याने कठीण वाट सोपी होत नाही, याचा हा बोलका पुरावा होय.

१९४१ साली बॅग्नोल्ड यांनी पथकाची सूत्रे आपल्या सहकाऱ्याकडे सोपवली. युद्धानंतर त्यांनी आपले पुढील आयुष्य संशोधनाला वाहिले. वाऱ्याबरोबर वाहणाऱ्या वाळूप्रमाणेच नदीच्या पाण्याबरोबर वाहणाऱ्या वाळूचाही त्यांनी अभ्यास केला. १९७७ साली, वयाची ऐंशी वर्षे उलटून गेल्यावर, अमेरिकेच्या नासा या संस्थेने भरवलेल्या परिषदेत पृथ्वी आणि मंगळावरील वाळवंटांविषयी बोलण्याचा मान त्यांना मिळाला. २८ मे १९९० रोजी, वयाच्या चौऱ्याण्णवाव्या वर्षी त्यांचे निधन झाले.

पुढे नासाने मंगळावर पाठवलेले ‘क्युरिऑसिटी’ हे यान २०१५ साली वाळूच्या काही टेकड्यांजवळ पोहोचले. त्या टेकड्यांना बॅग्नोल्ड यांचे नाव देण्यात आले आहे. रजेच्या दिवसांत स्वतःच्या खर्चाने वाळवंटात जाणाऱ्या एका सैनिकाचे नाव अशा रीतीने दुसऱ्या ग्रहावर पोहोचले.

आजही वाळूत शिरण्यापूर्वी जाणते चालक खाली उतरतात आणि टायरमधील हवा कमी करतात. त्यांपैकी अनेकांना बॅग्नोल्ड हे नाव ठाऊकही नसेल. समोरच्या जमिनीवर जोर लावण्याआधी ती समजून घ्यावी, तिच्याप्रमाणे आपल्या साधनात बदल करावा आणि पडलेल्या प्रश्नाचा शेवटपर्यंत पाठपुरावा करावा, हीच त्यांच्या जीवनाची शिकवण होय.