मातीची नाडी ओळखणारे डॉ. मॅन

'चुना लावणे' या शब्दप्रयोगाचा आपल्याकडे फसवणे असा अर्थ आहे. आमच्या घरी मात्र गेल्या वर्षी तो अक्षरशः घडला. बदलापूरजवळ आमची बावीस गुंठे जमीन आहे. पावसाळ्यात भात, भातानंतर वाल आणि वरच्या पट्ट्यात थोडी भाजी. वाल नीट येईना, तेव्हा कोणीतरी सांगितले की जमीन आंबट झाली आहे, चुना टाका. वडिलांनी कळीचा चुना आणून विरवला आणि त्याच दिवशी अमोनियम सल्फेटबरोबर शेतात फेकला. नाकाला झोंबणारा वास सुटला. वाल होता तसाच राहिला. जमीन मेली, आता बिल्डरला देऊन टाकू, असे काका म्हणू लागले.

त्याच सुमारास अर्थशास्त्राच्या तासाला शेतजमिनीच्या तुकड्यांचा विषय निघाला आणि डॉ. हॅरॉल्ड मॅन हे नाव कानावर पडले. पुढे त्यांच्याविषयी वाचताना कळले की हे गृहस्थ आंबट मातीचेही मोठे जाणकार होते. आमच्या घरात शिकून शेतीकडे पाहणारी मी पहिलीच. म्हणून त्यांचे चरित्र सर्वांपुढे ठेवावेसे वाटले.

हॅरॉल्ड हार्ट मॅन यांचा जन्म १८७२ साली इंग्लंडमध्ये झाला. ते रसायनशास्त्र शिकले. तरुणपणी इंग्लंडच्या रॉयल कृषी संस्थेत त्यांनी संशोधन-साहाय्यक म्हणून काम केले. या संस्थेचे वोबर्न येथे प्रयोगक्षेत्र होते. तेथे १८७६ पासून एकाच शेतात दरवर्षी गहू व बार्ली पेरून निरनिराळ्या खतांची परीक्षा चालू होती. ज्या तुकड्यांना दरवर्षी अमोनियम सल्फेट मिळत होते, ते सुरुवातीला उत्तम पिकले. परंतु वीस वर्षांच्या आत तेथील बार्ली खुरटून नष्ट होऊ लागली. खताने माती आंबट केली होती. त्या तुकड्यांच्या काही भागात चुना दिला, तेव्हा तेथे पुन्हा पीक उभे राहिले. शेतीशास्त्राला मिळालेला हा मोठा धडा होय.

१९०० साली मॅन हिंदुस्थानात आले ते चहाच्या मळेवाल्यांचे शास्त्रज्ञ म्हणून. आसामच्या चहाच्या जमिनींवर त्यांनी १९०१ मध्ये ग्रंथ लिहिला. आसामची माती आंबट आहे. पण चहाच्या झुडपाला तीच मानवते. तेथे भरमसाठ चुना टाकणे म्हणजे चांगल्या मळ्याची हानी करणे होय. जो चुना बार्लीला अमृत, तोच चहाला विष!

१९०७ मध्ये ते पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. येथे तिसरीच माती त्यांच्यापुढे आली. नीरा कालव्याच्या पाण्यावर उसाची शेती वाढली होती. परंतु पाणी अति झाल्याने जमिनी खारवटत होत्या. त्या खोऱ्यातील खारट जमिनींवर त्यांनी तम्हाणे यांच्यासह १९१० मध्ये अहवाल प्रसिद्ध केला. दख्खनच्या काळ्या मातीत चुनखडी मुळातच असते. तेथे चुना घालून काय होणार? तेथे हवा होता पाण्याचा निचरा.

अशा रीतीने आसाम, नीरा आणि वोबर्न या तीन ठिकाणच्या तीन माती, आणि प्रत्येकीचे औषध वेगळे. वैद्याने नाडी पाहिल्याशिवाय पुडी देऊ नये, हेच खरे.

पण मॅन केवळ मातीपाशी थांबले नाहीत. पुण्यातील अस्पृश्य वस्त्यांच्या जीवनाचा त्यांनी अभ्यास केला. पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर या गावाची घरोघर पाहणी करून १९१७ मध्ये त्यांनी जमीन व श्रम यांवरील ग्रंथ प्रसिद्ध केला. १७७१ मध्ये त्या गावात सरासरी धारणा चाळीस एकर होती. १९१५ च्या सुमारास ती सात एकरांवर आली होती. बहुसंख्य कुटुंबांचे निव्वळ शेतीवर भागत नव्हते. माणसे खडकीच्या दारूगोळा कारखान्यात कामाला जात होती. हे वाचताना मला अंबरनाथच्या कारखान्यात जाणारे आमचे काका आठवले आणि आजोबांच्या शेताच्या तीन वाटण्या आठवल्या. आज पिंपळे सौदागरात शेतांच्या जागी उंच इमारती आहेत. बदलापूर त्याच वाटेवर आहे.

मॅन पुढे मुंबई इलाख्याच्या शेतकी खात्याचे संचालक झाले आणि १९२७ मध्ये निवृत्त झाले. निवृत्तीनंतर आराम करण्याऐवजी ते १९२८ पासून वोबर्नलाच परतले आणि वयाची ऐंशी उलटेपर्यंत, १९५६ पर्यंत, तेथे काम करीत राहिले. जेथे आंबट मातीचा पहिला धडा मिळाला, तेथेच अखेरची वर्षे! १९६१ मध्ये त्यांचे निधन झाले.

या चरित्रापासून आम्ही काय घेतले? प्रथम माती तपासून घेतली. मातीचा सामू सात असेल तर ती उदासीन, त्याखाली आंबट. साडेपाचाच्या खाली गेला की ॲल्युमिनियम मुळांना बाधते आणि स्फुरद मातीत अडकून बसते. शेतात सहा-सात ठिकाणची माती घेऊन, वरचा पट्टा वेगळा व खालचे खाचर वेगळे ठेवून नमुने दिले. निकाल पाहून वडील गप्पच झाले. खालच्या खाचराला चुन्याची गरजच नव्हती. भाताच्या खाचरात पाणी साठले की काही आठवड्यांत आंबटपणा आपोआप कमी होतो. गरज होती ती वरच्या मुरमाड पट्ट्याला.

चुन्याचीही निवड असते. शुद्ध चुनखडीच्या शंभर किलो भुकटीचे काम छप्पन्न किलो कळीचा चुना किंवा चौऱ्याहत्तर किलो विरवलेला चुना करतो. कळीचा चुना झटपट, पण दाहक. भुकटी सावकाश, पण हाताळायला सुरक्षित. मात्र ती बारीक दळलेली हवी. मॅग्नेशियम कमी असेल तर डोलोमाइट घ्यावे. चिकण मातीला जास्त लागतो, रेताडीला कमी. चुना पेरणीपूर्वी काही आठवडे टाकून मातीत मिसळावा आणि अमोनियाच्या खताबरोबर कधीच टाकू नये; नाहीतर खतातला नत्र वायू होऊन उडून जातो. आमच्या शेतातला तो झोंबणारा वास म्हणजे वडिलांचे उडून जाणारे पैसेच होते. चुना अति झाला तर जस्त व लोह पिकाला मिळत नाही. अति तेथे माती!

या वर्षी वरच्या पट्ट्यातच, मापाने भुकटी घातली आहे. वाल कसा येतो ते हिवाळ्यात कळेल. जमीन ठेवायची की द्यायची, हे घरात अजून ठरलेले नाही, आणि बावीस गुंठ्यांवर पाच माणसांचे भागत नाही हे मॅनसाहेबांच्या हिशोबाने मलाही पटते. पण एक गोष्ट ठरली. जमीन मेली म्हणून ती विकायची नाही. ती मेलेली नव्हती. आम्हीच तिला न विचारता औषध पाजले होते.

(द्वितीय वर्ष, कला)