गोन्सालो गार्सिया

गोन्सालो गार्सिया (जन्म : इ.स. १५५७ च्या सुमारास, वसई. मृत्यू : ५ फेब्रुवारी, इ.स. १५९७, नागासाकी, जपान) हे फ्रान्सिस्कन संघाचे व्रतस्थ बंधू, धर्मप्रचारक आणि दुभाषे होते. जपानचा तत्कालीन सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी याच्या आदेशाने क्रुसावर ठार मारण्यात आलेल्या २६ जणांपैकी ते एक होत. कॅथलिक चर्चमध्ये संतपद लाभलेले ते भारतात जन्मलेले पहिले संत मानले जातात. ज्या राजसत्तेने प्राण घेतला, तिच्याविषयीही द्वेष न बाळगता प्रार्थना करण्याच्या ख्रिस्ती शिकवणीचे उदाहरण म्हणून या २६ जणांचा उल्लेख केला जातो.

बालपण

इ.स. १५३४ मध्ये वसई गुजरातच्या सुलतानाकडून पोर्तुगिजांकडे आली. त्यानंतर तेथे किल्ला, चर्च व मठ उभे राहिले. गोन्सालो यांचे वडील पोर्तुगीज, तर आई स्थानिक होती. किल्ल्यातील येशूसंघीयांच्या शाळेत त्यांचे शिक्षण झाले. वयाच्या पंधराव्या वर्षाच्या सुमारास येशूसंघीय धर्मगुरूंबरोबर ते जपानला गेले.

जपान व मनिला

गोन्सालो यांनी जपानी भाषा उत्तम आत्मसात केली आणि अनेक वर्षे धर्मशिक्षक म्हणून काम केले. येशूसंघात प्रवेश मिळावा ही त्यांची इच्छा होती. ती पूर्ण झाली नाही. त्यानंतर ते व्यापारात शिरले व त्यात त्यांना चांगले यश मिळाले. पुढे मनिला येथे फ्रान्सिस्कन संन्याशांशी त्यांचा संबंध आला आणि व्यापार सोडून ते त्या संघात सामील झाले. त्यांनी धर्मगुरुपदाची दीक्षा घेतली नाही. अखेरपर्यंत ते व्रतस्थ बंधूच राहिले.

हिदेयोशीच्या दरबारी

हिदेयोशीने इ.स. १५८७ मध्येच परदेशी धर्मप्रचारकांना देश सोडण्याचा हुकूम दिला होता; मात्र त्याची अंमलबजावणी सैल होती. पुढे त्याने स्पेनच्या ताब्यातील फिलिपिन्सकडून शरणागतीची मागणी केली. त्यामुळे इ.स. १५९३ मध्ये तेथील गव्हर्नरने पेद्रो बाउतिस्ता या फ्रान्सिस्कन धर्मगुरूच्या नेतृत्वाखाली शिष्टमंडळ पाठवले. दुभाषा म्हणून गोन्सालो त्यात होते. शरणागतीऐवजी मैत्रीचा प्रस्ताव एका बलाढ्य सत्ताधीशापुढे त्याच्याच भाषेत मांडण्याची नाजूक जबाबदारी त्यांच्यावर आली. हिदेयोशीने शिष्टमंडळाला राहण्याची परवानगी दिली. क्योतो येथे त्यांनी चर्च व मठ बांधला आणि कुष्ठरोग्यांच्या सेवेसाठी रुग्णालय चालवले.

अटक व मृत्यू

ऑक्टोबर १५९६ मध्ये सान फेलिपे हे स्पॅनिश जहाज शिकोकू बेटाच्या किनाऱ्यावर अडकले व त्यावरील मौल्यवान माल हिदेयोशीने जप्त केला. धर्मप्रचारक हे स्पेनच्या राज्यविस्ताराचे अग्रदूत असतात, अशा आशयाचे विधान जहाजाच्या सुकाणूधारकाने केल्याचे सांगितले जाते. त्याने नेमके काय म्हटले आणि दोष कोणाचा, याविषयी स्पॅनिश व पोर्तुगीज वृत्तांतांत एकवाक्यता नाही. शिष्टमंडळ म्हणून येऊन बंदी असलेल्या धर्माचा प्रचार केला, असा ठपका शिक्षेच्या फलकावर होता.

जानेवारी १५९७ मध्ये क्योतो येथे कैद्यांच्या डाव्या कानाचा भाग कापण्यात आला आणि लोकांना दहशत बसावी म्हणून त्यांची धिंड काढण्यात आली. तेथून भर थंडीत सुमारे महिनाभर प्रवास करवून त्यांना नागासाकीला नेले. मूळच्या २४ जणांत वाटेत आणखी दोघांची भर पडली. या २६ जणांत ६ फ्रान्सिस्कन, ३ जपानी येशूसंघीय आणि १७ जपानी प्रापंचिक होते. सर्वांत लहान लुइस इबाराकी १२ वर्षांचा होता. ५ फेब्रुवारी रोजी निशिझाका टेकडीवर त्यांना क्रुसाला बांधून भाल्यांनी ठार करण्यात आले. येशूसंघीय पॉल मिकी यांनी क्रुसावरून हिदेयोशीला क्षमा केल्याचे जाहीर केले व त्याच्या कल्याणाची इच्छा व्यक्त केली. गोन्सालो यांनी प्रभूची प्रार्थना आणि नमो मरिया या प्रार्थना मोठ्याने म्हटल्याची नोंद आहे. अपराध करणाऱ्यांना क्षमा करणे हा प्रभूच्या प्रार्थनेचाच एक भाग आहे.

शासकांसाठी प्रार्थनेची परंपरा

राजे व अधिकारी यांच्यासाठी प्रार्थना करण्याची सूचना नव्या करारातील तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात आढळते. त्या काळी रोमन सम्राट ख्रिस्ती नव्हते आणि पुढे अनेकदा त्यांनी ख्रिस्ती लोकांचा छळही केला. तरीही ख्रिस्ती लोक सम्राटासाठी प्रार्थना करतात, असे तेर्तुलियन याने इ.स. १९७ च्या सुमारास लिहिलेल्या समर्थनग्रंथात नमूद केले आहे. अशी प्रार्थना म्हणजे शासकाच्या धोरणाला संमती नव्हे, हा या परंपरेतील महत्त्वाचा भेद आहे. नागासाकीच्या २६ जणांनी धर्म सोडण्याचे नाकारले, म्हणजेच राजाज्ञा मानली नाही. मात्र आज्ञा देणाऱ्याला शापही दिला नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने इ.स. १९६३ मध्ये मिस्सेतील विश्वासूंच्या प्रार्थनांचे पुनरुज्जीवन केले. त्यांत राज्यकर्त्यांसाठीच्या प्रार्थनेचा समावेश आहे. गुड फ्रायडेच्या उपासनाविधीतही सार्वजनिक अधिकारपदावरील व्यक्तींसाठी स्वतंत्र प्रार्थना असते.

संतपद व स्मृती

हिदेयोशी इ.स. १५९८ मध्ये मरण पावला. जपानमधील ख्रिस्ती धर्मावरील बंदी पुढे अधिक कठोर झाली व ती इ.स. १८७३ मध्ये उठली. पोप अर्बन आठवे यांनी इ.स. १६२७ मध्ये या हुतात्म्यांना धन्यवादित घोषित केले, तर पोप पायस नववे यांनी ८ जून १८६२ रोजी संतपद दिले. संतपदाच्या शताब्दीनिमित्त इ.स. १९६२ मध्ये निशिझाका येथे स्मारक व संग्रहालय उभारण्यात आले.

वसई किल्ल्यातील येशूसंघीयांचे जुने चर्च आज गोन्सालो गार्सिया यांच्या नावाने ओळखले जाते. वसईतील एका महाविद्यालयालाही त्यांचे नाव आहे. वसई-विरार परिसरातील कॅथलिक समाज फेब्रुवारीत त्यांचा सण साजरा करतो.