मोजणीदाराचे गणित

उणे एकचे वर्गमूळ किती, हा प्रश्न अठराव्या शतकातही गणितज्ञांना अडचणीत टाकत होता. संख्या धन असो वा ऋण, तिचा वर्ग उणे येत नाही. तरीही समीकरणे सोडवताना अशी वर्गमुळे मध्येच उगवत. मग त्यांना ‘काल्पनिक’ म्हणायचे आणि काम भागवायचे. या संख्यांना कागदावर हक्काची जागा पहिल्यांदा दिली ती कुणा प्राध्यापकाने नव्हे, तर जमिनीची मोजणी करणाऱ्या एका माणसाने.

कास्पर वेसेलचा जन्म ८ जून १७४५ रोजी नॉर्वेतील वेस्ट्बी गावी झाला. वडील धर्मोपदेशक, घरात मुले पुष्कळ. नॉर्वेवर तेव्हा डेन्मार्कच्या राजाचा अंमल होता. त्यामुळे १७६३ मध्ये तो पुढच्या शिक्षणासाठी कोपनहेगनला गेला. थोरला भाऊ युहान हेर्मान कवी म्हणून गाजला. कास्पर दुसऱ्याच वर्षी डॅनिश विज्ञान अकादमीच्या मोजणी खात्यात साहाय्यक म्हणून लागला. देशाचा अचूक नकाशा करायचे मोठे काम तेव्हा सुरू होते. या धबडग्यात कायद्याची परीक्षा थेट १७७८ मध्ये पार पडली. वकिली मात्र त्याने केलीच नाही.

मोजणीदाराला रोज दोनच गोष्टी हव्या असतात: अंतर किती आणि दिशा कोणती. वेसेलने संख्येकडेही तसेच पाहिले. संख्या म्हणजे एका ठिकाणाहून निघालेली, ठरावीक लांबीची आणि दिशेची रेघ. दोन रेघांचा गुणाकार करताना लांबी गुणायची आणि कोन मिळवायचे. आता ९० अंशांत वळलेली, एक लांबीची रेघ घ्या. तिला तिनेच गुणले की कोन होतो १८० अंश, म्हणजे रेघ थेट उलट्या दिशेला, उणे एकवर. न सापडणारे वर्गमूळ ते हेच! काल्पनिक असे त्यात काही उरले नाही.

या रेघेच्या लांबीला आज मापांक म्हणतात. तीन पावले उजवीकडे आणि चार वर गेलेल्या संख्येचा मापांक पाच. मापांक पाच असलेल्या सगळ्या संख्या मांडल्या, तर कागदावर वर्तुळ उमटते. खुंटीला दोरी बांधून काढावे तसे. दोन ठरलेल्या बिंदूंपासून सारख्याच अंतरावर असलेल्या संख्या मांडल्या, तर त्या बिंदूंच्या बरोबर मधून जाणारी सरळ रेषा. त्या दोन अंतरांची बेरीज कायम ठेवली, तर लंबवर्तुळ. बारावीच्या मुलांना ही समीकरणे किचकट वाटतात, कारण ‘मापांक म्हणजे अंतर’ हे त्यांना बहुधा कुणी सांगितलेलेच नसते.

१० मार्च १७९७ रोजी वेसेलचा निबंध अकादमीपुढे वाचला गेला. सदस्य नसलेल्या माणसाचा अकादमीने स्वीकारलेला तो पहिलाच निबंध. १७९९ मध्ये तो छापला गेला, पण डॅनिश भाषेत. युरोपातल्या गणितज्ञांनी तो वाचलाच नाही. १८०६ मध्ये पॅरिसमध्ये आर्गां याने तीच कल्पना स्वतंत्रपणे मांडली, आणि आकृतीला त्याचे नाव चिकटले ते आजतागायत.

वेसेलने त्यावर वाद घातल्याचे दिसत नाही. त्याची मोजणी चालूच होती. पुढे संधिवातामुळे त्याला काम थांबवावे लागले. त्या काळी सांध्यांच्या कोणत्याही जुनाट दुखण्याला हेच नाव देत, त्यामुळे आज निदान करण्यात अर्थ नाही. आता असा रुग्ण आला आणि गुडघ्याचा एमआरआय काढला, तर यंत्राला शरीरातून मिळणारे संकेत संमिश्र संख्यांच्या रूपातच नोंदवले जातात. पडद्यावर दिसणाऱ्या नेहमीच्या चित्रात प्रत्येक ठिपक्याचा उजळपणा ठरतो तो अशा संख्येच्या मापांकावरून.

१८१५ मध्ये राजाने वेसेलला डॅनेब्रोग सन्मान दिला, तोही मोजणीसाठी. २५ मार्च १८१८ रोजी तो वारला. निबंध धूळ खात पडला होता. १८९५ मध्ये डॅनिश गणितज्ञ युल याचे तिकडे लक्ष गेले. त्याच वर्षी नॉर्वेच्या सोफुस ली याने तो पुन्हा छापला आणि १८९७ मध्ये, वाचनाला बरोबर शंभर वर्षे झाल्यावर, तो फ्रेंचमध्ये आला.