चंद्राच्या शर्यतीतला बिननावाचा इंजिनिअर

नील आर्मस्ट्राँग कोण, हे कोणीही झोपेतून उठून सांगेल. युरी गागारिनचं नावही बहुतेकांना माहीत असतं, निदान क्विझमध्ये भाग घेणाऱ्यांना तरी. पण गागारिनला ज्या रॉकेटने वर नेलं, ते कोणी बांधलं? हा प्रश्न मी वर्गात आणि हॉस्टेलच्या मेसमध्ये सहज म्हणून विचारून पाहिला. मेकॅनिकलवाले, इलेक्ट्रॉनिक्सवाले, कॉम्प्युटरवाले, सगळे गप्प! आमच्या कॉन्व्हेंटच्या पुस्तकात अपोलोवर अख्खा धडा होता, पण हे नाव त्यातही नव्हतं.

खरं म्हणजे यात आपला दोष नाही. तो जिवंत होता तोवर त्याच्याच देशाने त्याचं नाव जगापासून लपवून ठेवलं होतं. वर्तमानपत्रात त्याचा उल्लेख यायचा तो फक्त चीफ डिझायनर असा. त्याचं नाव सेर्गेई पावलोविच कोरोलेव्ह.

सध्या पुन्हा एकदा सगळ्यांना चंद्राचे वेध लागले आहेत. अमेरिकेचा आर्टेमिस कार्यक्रम माणसाला परत चंद्रावर न्यायला निघालाय. चीनने २०३० च्या आत आपली माणसं उतरवायचं ठरवलंय. जपानने २०२४ मध्ये यान उतरवलं आणि भारताने २०४० पर्यंत भारतीय माणूस चंद्रावर पाठवायचं लक्ष्य जाहीर केलंय. अशा वेळी मला पहिल्या शर्यतीत हरलेल्या बाजूच्या या इंजिनिअरची गोष्ट सांगावीशी वाटते. ती हार बुद्धी कमी पडली म्हणून झाली नाही. मग कशामुळे झाली, ते पुढे येईलच.

कोरोलेव्हचा जन्म १२ जानेवारी १९०७ चा, युक्रेनमधल्या झितोमिर गावचा. आई-वडील लवकरच वेगळे झाले आणि सेर्गेई आजी-आजोबांकडे वाढला. वडील वारले असंच त्याला सांगितलेलं होतं. पुढे आईने दुसरं लग्न केलं. सावत्र वडील इंजिनिअर होते आणि हे कुटुंब ओडेसा या बंदराच्या गावी राहायला गेलं. तिथे समुद्रावर उतरणारी विमानं होती. ती बघून या पोराला उडायचं वेड लागलं ते कायमचंच. शाळकरी वयातच तो ग्लायडर डिझाईन करू लागला.

१९२४ मध्ये त्याने कीव्हच्या पॉलिटेक्निकमध्ये प्रवेश घेतला आणि दोन वर्षांनी मॉस्कोच्या बाउमन कॉलेजात गेला. त्याच्या शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला गाईड कोण होता माहितीये? आंद्रेई तुपोलेव्ह, म्हणजे तुपोलेव्ह विमानंवाला तुपोलेव्ह! गाईडच्या केबिनबाहेर सहीसाठी ताटकळत उभ्या राहणाऱ्या आपल्यासारख्यांना हे वाचून हेवाच वाटेल.

पण कोरोलेव्हचं मन विमानातही फार रमलं नाही. १९३१ मध्ये फ्रीड्रिख झांडर नावाच्या एका ध्येयवेड्या इंजिनिअरबरोबर त्याने मॉस्कोत एक रॉकेट गट काढला. तळघरात जागा, पैसे जवळपास नाहीत आणि डोक्यात मात्र मंगळ! १७ ऑगस्ट १९३३ ला त्यांचं पहिलं रॉकेट उडालं. किती वर? जेमतेम ४०० मीटर. ते बघायला झांडर नव्हता. काही महिन्यांपूर्वीच तो टायफसने गेला होता.

त्याच वर्षी सरकारने रॉकेटसाठी एक संशोधन संस्था काढली आणि कोरोलेव्ह तिथे गेला. इथपर्यंतची गोष्ट कुठल्याही हुशार माणसाची असते तशीच आहे. पण पुढे आला स्टालिनच्या दडपशाहीचा काळ. संस्थेच्या प्रमुखांना आणि त्यांच्या उपप्रमुखांना पकडलं आणि १९३८ च्या जानेवारीत गोळ्या घातल्या. इंजिनं बनवणारा व्हॅलेंटिन ग्लुश्कोही तुरुंगात गेला. २७ जून १९३८ ला कोरोलेव्हची पाळी आली. आधी पकडलेल्या सहकाऱ्यांकडून मारझोड करून जे जबाब काढले होते, त्यात त्याचं नाव होतं. आरोप घातपाताचा. म्हणजे काय, तर मुद्दाम काम बिघडवलं, लांबवलं, सरकारी पैसा वाया घालवला! तेव्हा त्याची मुलगी तीन वर्षांची होती. त्यालाही मारहाण झाली आणि दहा वर्षांची शिक्षा ठोठावली गेली.

क्षणभर विचार करा. आपली टेस्ट फेल गेली तर फार तर व्हायवामध्ये बोलणी बसतात, नाहीतर केटी लागते. तिथे टेस्ट फेल गेली की ती देशद्रोहाचा पुरावा ठरत होती.

त्याला सैबेरियाच्या पार टोकाला, कोलिमा भागातल्या माल्द्याक या सोन्याच्या खाणीवर पाठवलं. रक्त गोठवणारी थंडी, अपुरं अन्न, हातात कुदळ. स्कर्व्हीने त्याचे बरेच दात पडले. तो तिथेच संपला असता. पण त्याची आई हटली नाही. तिने अर्जांवर अर्ज केले. ग्रिझोदुबोवा आणि ग्रोमोव्ह या त्या काळच्या नामवंत वैमानिकांनीही शब्द टाकला. खटला पुन्हा चालला आणि शिक्षा दहाची आठ वर्षं झाली. सुटका नाही, पण निदान खाणीतून तो बाहेर आला. त्याला मॉस्कोच्या अशा तुरुंगात ठेवलं, जिथे कैदी इंजिनिअर सरकारसाठी विमानं डिझाईन करायचे. तिथला मुख्य कैदी इंजिनिअर कोण? त्याचा जुना गाईड तुपोलेव्ह! पुढे कझानमध्ये तो ग्लुश्कोच्या हाताखाली काम करू लागला. तेव्हा तोही कैदीच होता. १९४४ मध्ये दोघे सुटले. आरोप खोटे होते, हे कोरोलेव्हच्या बाबतीत अधिकृतपणे मान्य व्हायला मात्र १९५७ साल उजाडावं लागलं.

आता खरी गंमत पहा. ज्या सरकारने त्याचे दात पाडले, त्याच सरकारने १९४५ मध्ये त्याला जर्मनीत पाठवलं, तिथल्या व्ही-२ रॉकेटचा अभ्यास करायला. दुसऱ्या कोणाच्याही मनात कडवटपणा भरला असता. याने परत येऊन आधी व्ही-२ ची नक्कल केली आणि मग त्याच्या फार पुढे जाणारं स्वतःचं डिझाईन सुरू केलं. त्यातून तयार झालं आर-७.

आपल्या शाखेच्या मुलांनी आर-७ जरूर अभ्यासावं. एकच मोठं दहनकक्ष बनवलं की आत ज्वाळा अस्थिर व्हायची. म्हणून ग्लुश्कोने एका इंजिनाला चार छोटी दहनकक्षं दिली. आणि वर गेल्यावर इंजिन पेटेल याची खात्री नव्हती, म्हणून कोरोलेव्हने मधला भाग आणि भोवतीचे चार बूस्टर असं सगळं जमिनीवरच एकदम पेटवलं. जे जमत नाही त्याला वळसा घालून जायचं, यालाच इंजिनिअरिंग म्हणतात ना? मे १९५७ मधलं पहिलं उड्डाण फसलं. जुलैमधलंही फसलं. २१ ऑगस्टला ते यशस्वी झालं.

आर-७ होतं अणुबॉम्ब वाहून नेणारं क्षेपणास्त्र. पण कोरोलेव्हच्या डोक्यातून आकाश काही गेलेलं नव्हतं. उपग्रह सोडण्याची परवानगी त्याने मिळवली होती. ठरलेला मोठा वैज्ञानिक उपग्रह वेळेत होईना, तेव्हा त्याने सरळ एक साधा गोळा बनवायचं ठरवलं. ५८ सेंटिमीटर व्यास, ८३.६ किलो वजन, चार अँटेना आणि आत एक रेडिओ. ४ ऑक्टोबर १९५७ ला हा स्पुटनिक वर गेला आणि जग हादरलं! अवकाशयुग सुरू झालं ते तिथून.

मग यशामागून यश. सप्टेंबर १९५९ मध्ये लुना-२ चंद्रावर जाऊन आदळलं. माणसाने बनवलेली वस्तू पहिल्यांदाच चंद्राला भिडली. पुढच्याच महिन्यात लुना-३ ने चंद्राच्या पाठीमागचा भाग दाखवला, जो तोपर्यंत कोणीच पाहिलेला नव्हता. फिल्मवर फोटो काढून, ती यानातच धुऊन, स्कॅन करून रेडिओने पाठवायची. डिजिटल कॅमेरा नसताना हे केलंय! १२ एप्रिल १९६१ ला गागारिन, १९६३ मध्ये पहिली स्त्री तेरेश्कोवा, १९६५ मध्ये यानाबाहेर तरंगणारा लिओनोव्ह.

फुलं गागारिनला, पदकं गागारिनला, जगभरचे दौरे गागारिनला. कोरोलेव्हला लेख लिहायचा असेल तर प्रोफेसर सेर्गेयेव्ह असं टोपणनाव घ्यावं लागे. परदेशी शत्रूपासून त्याला जपायचं, असं कारण दिलं जात होतं.

आणि इथेच चंद्राच्या शर्यतीची गोष्ट सुरू होते. केनेडींनी मे १९६१ मध्ये चंद्रावर माणूस उतरवायची घोषणा केली. अमेरिकेने नासाखाली एक दिशा ठरवली आणि लाखो माणसं कामाला लावली. सोव्हिएत सरकारने अधिकृत निर्णय घेतला तो ऑगस्ट १९६४ मध्ये, म्हणजे तीन वर्षांनी. तोही अर्धवट! चंद्राला प्रदक्षिणा घालायचं काम चेलोमेई नावाच्या दुसऱ्या डिझायनरला आणि उतरायचं काम कोरोलेव्हला.

त्यात कोरोलेव्ह आणि ग्लुश्को यांचं फाटलं. वाद इंधनाचा होता. ग्लुश्कोला आपोआप पेट घेणारी, पण विषारी रसायनं हवी होती. माणसं नेणाऱ्या रॉकेटमध्ये ती नकोत असं कोरोलेव्हचं मत होतं. त्याला केरोसिन आणि द्रवरूप ऑक्सिजन हवा होता. दोघेही हट्टी, दोघेही तुरुंगातून होरपळून आलेले. शेवटी देशातल्या सर्वांत अनुभवी रॉकेट-इंजिनवाल्याने चंद्र-रॉकेटला इंजिन दिलंच नाही. कोरोलेव्ह गेला कुझनेत्सोव्हकडे, जो विमानांची इंजिनं बनवायचा. त्याची इंजिनं छान होती, पण छोटी. म्हणून एन-१ या रॉकेटच्या पहिल्या टप्प्यात ती तब्बल ३० बसवावी लागली. अमेरिकेच्या सॅटर्न-५ ला होती पाच.

तीस इंजिनं एकत्र चालवायची, तर ती आधी जमिनीवर घट्ट बांधून एकत्र पेटवून पाहायला हवीत. सॅटर्नच्या पहिल्या टप्प्याची अशी चाचणी झाली. एन-१ साठी एवढा मोठा टेस्ट स्टँड बांधलाच नाही. पैसा नव्हता, वेळ नव्हता. थेट उडवूनच बघायचं ठरलं.

पण ते बघायला कोरोलेव्ह राहिला नाही. ५९ वा वाढदिवस होऊन दोनच दिवस झाले होते. १४ जानेवारी १९६६ ला एका साध्या वाटणाऱ्या ऑपरेशनसाठी त्याला टेबलावर घेतलं. सर्जन होते खुद्द देशाचे आरोग्यमंत्री. आत मोठी गाठ निघाली, ऑपरेशन लांबलं आणि हृदय थांबलं. तुरुंगातल्या मारहाणीत त्याचा जबडा मोडला होता, त्यामुळे तोंड नीट उघडेना आणि श्वासाची नळी घालणं कठीण गेलं, असं सांगितलं जातं. तसं असेल तर १९३८ चा तो मार २८ वर्षांनी लागला म्हणायचा.

दोन दिवसांनी वर्तमानपत्रात फोटो छापून आला. तेव्हा कुठे सामान्य लोकांना कळलं की चीफ डिझायनर म्हणजे हा माणूस! त्याच्या अस्थी क्रेमलिनच्या भिंतीत ठेवल्या. तीन आठवड्यांच्या आतच, ३ फेब्रुवारीला, लुना-९ चंद्रावर अलगद उतरलं. या कामाची सुरुवात त्याच्याच ऑफिसात झाली होती.

एन-१ चार वेळा उडालं आणि चारही वेळा पडलं. ३ जुलै १९६९ ला तर उडता क्षणीच जवळजवळ सगळी इंजिनं बंद पडली आणि ते शंभर मीटर उंचीचं रॉकेट इंधनासकट लॉन्च पॅडवरच कोसळलं. सतरा दिवसांनी आर्मस्ट्राँग चंद्रावर उतरला. १९७४ मध्ये एन-१ चं काम थांबवलं गेलं. थांबवणारा होता नवा प्रमुख, ग्लुश्को.

कोरोलेव्हचं काम मात्र संपलं नाही. १९८४ मध्ये आपले राकेश शर्मा ज्या सोयुझ रॉकेटवरून गेले, ते आर-७ च्याच घराण्यातलं.

आता आजच्या शर्यतीकडे या. ऑगस्ट २०२३ मध्ये एकाच आठवड्यात दोन गोष्टी घडल्या. १९ तारखेला रशियाचं लुना-२५ चंद्रावर आदळलं. ४७ वर्षांनंतरचं त्यांचं ते पहिलंच चांद्रयान. २३ तारखेला आपलं चांद्रयान-३ अलगद उतरलं. त्या दिवशी आपण सगळे नाचलो. पण मला त्याहून मोठी वाटते ती आधीच्या चार वर्षांतली गोष्ट. २०१९ मध्ये चांद्रयान-२ चं लँडर पडलं, ते सगळ्या देशाने पाहिलं. इस्रोने काय चुकलं ते शोधलं आणि पुढचं डिझाईनच काय काय बिघडू शकेल हे धरून केलं. पाय मजबूत केले, इंधन वाढवलं, उतरायची जागा अर्ध्या किलोमीटरच्या चौकोनाऐवजी ४ किलोमीटर बाय २.४ किलोमीटर घेतली आणि चाचण्यांवर चाचण्या केल्या. फेल गेलं म्हणून कोणाला खाणीत पाठवलं नाही!

पहिल्या वर्षाला आपण ड्रॉईंग शीट काढतो. उजव्या कोपऱ्यात टायटल ब्लॉक असतो. एका रकान्यात काढणाऱ्याचं नाव, दुसऱ्यात तपासणाऱ्याची सही. सबमिशनच्या रात्री आपण हे रकाने घाईघाईत खरडून टाकतो. कोरोलेव्हच्या देशाने पहिला रकाना मुद्दाम कोरा ठेवला आणि एन-१ च्या वेळी दुसराही. चुकलं हे उघडपणे म्हणायची जिथे भीती, तिथे तपासणार तरी कोण? या नव्या शर्यतीत कोण जिंकेल हे मी सांगू शकत नाही. पण हे दोन्ही रकाने जो देश प्रामाणिकपणे भरेल, माझी पैज त्याच्यावर.

चंद्राच्या पाठीमागे ४०० किलोमीटरहून मोठं एक विवर आहे. त्याला कोरोलेव्हचं नाव दिलंय. जी बाजू त्याच्या यानाने माणसाला पहिल्यांदा दाखवली, तिथेच. २०२४ मध्ये चीनच्या चांग-अ-६ ने त्याच बाजूची जवळजवळ दोन किलो माती पृथ्वीवर आणली. पृथ्वीवरून ते विवर कधीच दिसत नाही. पण नाव मात्र आता नकाशावर आहे, सगळ्यांना वाचता येईल असं.