कागद जपणारा माणूस : आर्थर शॉम्बर्ग

१८७३ हे वर्ष आपल्या वाचकांना नव्याने सांगावे लागत नाही. त्या वर्षी महात्मा जोतीराव फुले यांचा ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना त्यांनी तो अर्पण केला. त्याच वर्षी, २२ मार्च रोजी, कॅरिबियन समुद्रातील पोर्तो रिको या स्पॅनिश वसाहतीत गुलामगिरी कायद्याने संपुष्टात आली. अर्थात कायद्यानेच, कारण मुक्त झालेल्यांवर पुढील तीन वर्षे करार करून मजुरी करण्याची सक्ती होतीच. या घटनेला वर्षही पुरे झाले नव्हते तेव्हा, २४ जानेवारी १८७४ रोजी, त्या बेटावर सान हुआन शहराच्या सान्तुर्से भागात आर्तुरो अल्फोन्सो शॉम्बर्ग यांचा जन्म झाला. आई मारिया होसेफा ही सेंट क्रॉय बेटावरून आलेली कृष्णवर्णीय स्त्री. ती सुईणीचे काम करी. वडील जर्मन वंशाचे व्यापारी होते.

शॉम्बर्ग यांच्या प्रत्येक चरित्रात एक हकीकत येते. आर्तुरो शाळेत शिकत असताना, काळ्या लोकांना इतिहास नाही, त्यांच्यात थोर पुरुष झाले नाहीत आणि त्यांच्या हातून काही मोठे घडलेही नाही, असे एका शिक्षकाने वर्गात सांगितले. मुलाने वाद घातला नाही. वाद घालायला त्याच्याजवळ पुरावाच नव्हता. आम्हा शिक्षकांना ही हकीकत बोचते, कारण ज्या मुलाला उद्देशून हे बोलले गेले तो पुढे आयुष्यभर त्याच एका विधानाचे उत्तर गोळा करीत राहिला. दैवाचा विपर्यास असा की, त्यांनी सान हुआन आणि सेंट थॉमस येथे घेतलेल्या शिक्षणाची नोंद पुढच्या संशोधकांना सापडली नाही. ज्याने लाखमोलाचे दस्तऐवज जमवले, त्याच्या स्वतःच्या शाळेचा कागद मात्र उपलब्ध नाही.

एप्रिल १८९१ मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी, ते न्यूयॉर्कला आले. क्यूबा आणि पोर्तो रिको स्पेनच्या ताब्यातून मुक्त व्हावेत यासाठी स्थलांतरितांच्या ज्या मंडळ्या तेथे चालत, त्यांपैकी ‘लास दोस अन्तिलास’ या मंडळाच्या स्थापनेत ते होते आणि त्याचे चिटणीसही झाले. सभेचे इतिवृत्त लिहिणे व दप्तर नीट ठेवणे हे काम चळवळीतले कार्यकर्ते सहसा टाळतात. या तरुणाला ते आवडे. १८९८ च्या युद्धानंतर पोर्तो रिको स्वतंत्र न होता अमेरिकेच्या ताब्यात गेला आणि ते मंडळ विसर्जित झाले. दोन बेटांच्या मुक्तीचे स्वप्न मागे पडले तेव्हा शॉम्बर्ग यांनी अमेरिकेतील कृष्णवर्णीय समाजाशी आपले भवितव्य जोडले. गोरी म्हणून मिरवता येईल अशी कातडी नव्हती, पण स्पॅनिश भाषेच्या आडोशाने वेगळे राहणे त्यांना शक्य होते. त्यांनी तसे केले नाही. आर्तुरोचे आर्थर झाले. तरी काही लेखन त्यांनी ‘ग्वारिओनेक्स’ या टोपणनावाने केले. हे नाव त्यांच्या परिसरातील एका आदिवासी सरदाराचे होते.

पोटासाठी त्यांनी प्रथम वकिलांच्या एका पेढीत हरकाम्या कारकुनाची नोकरी केली. १९०६ पासून १९२९ पर्यंत ते वॉल स्ट्रीटवरील बँकर्स ट्रस्ट कंपनीत होते. तेथे ते लॅटिन अमेरिका व कॅरिबियन प्रदेशाशी होणाऱ्या टपालव्यवहाराच्या विभागाचे प्रमुख झाले. संसार मोठा होता, पगार कारकुनाचा होता आणि विद्यापीठाची पदवी नव्हती. एवढ्या बळावर त्यांनी जे उभे केले त्याचा विचार करताना ‘छंद’ हा शब्द अपुरा वाटतो.

ते काय जमवीत? ग्रंथ तर होतेच. पण त्यांची नजर विशेषतः ज्या कागदांना कोणी ग्रंथ म्हणत नाही त्यांच्यावर असे. छोट्या चोपड्या, एका पानावर छापलेली पत्रके, चर्चमधील प्रवचनांच्या पुस्तिका, सभांचे वृत्तांत, पत्रे, तांब्याच्या पत्र्यावरून छापलेली चित्रे, जुनी पंचांगे. न्यूयॉर्कच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानांत ते तासन् तास धुंडाळीत. परदेशातील विक्रेत्यांना पत्रे लिहीत. प्रवासाला निघालेल्या स्नेह्यांकडे याद्या देत. त्या काळी कृष्णवर्णीय लेखकांच्या कागदांना बाजारात फारशी किंमत नव्हती. समाजाची झालेली ही उपेक्षाच कारकुनाच्या खिशाला सोयीची ठरली.

पंचांगाचे उदाहरण मुद्दाम घेतो. वर्ष संपले की पंचांग रद्दीत जाते. ते टाकण्यासाठीच छापलेले असते. बेंजामिन बॅनेकर हा मेरीलँडमधील स्वतंत्र कृष्णवर्णीय शेतकरी १७३१ साली जन्मला आणि बव्हंशी स्वतःच्या प्रयत्नाने गणित व ज्योतिर्विद्या शिकला. ग्रहणे, सूर्योदय, चंद्राच्या कला यांची गणिते स्वतः मांडून त्याने १७९२ सालापासून पुढे काही वर्षे पंचांगे प्रसिद्ध केली. पहिल्या पंचांगाचे हस्तलिखित त्याने १७९१ मध्ये थॉमस जेफरसन यांना पत्रासह पाठवले. स्वातंत्र्याचा जाहीरनामा लिहिणाऱ्या जेफरसन यांनी काळे लोक बुद्धीने हीन असल्याचा संशय आपल्या पुस्तकात नोंदवून ठेवला होता, आणि ते स्वतः गुलामांचे मालक होते. ग्रहगणिताच्या आकड्यांना जात किंवा वर्ण नसतो. गणित बरोबर किंवा चूक, एवढेच असते. म्हणून रद्दीत जाणारे ते चोपडे शंभर वर्षांनंतर एखाद्या चरित्रग्रंथापेक्षा अधिक बोलते. शॉम्बर्ग यांच्या संग्रहात बॅनेकरची पंचांगे होती.

फिलिस व्हीटली हिचेही तसेच. आफ्रिकेतून सुमारे सातव्या वर्षी गुलाम म्हणून बोस्टनला आणलेल्या या मुलीचा कवितासंग्रह १७७३ साली लंडनमध्ये छापला गेला. त्या पुस्तकाच्या आरंभी बोस्टनमधील १८ प्रतिष्ठित गोऱ्या पुरुषांच्या नावांनिशी एक प्रमाणपत्र छापलेले आहे : या कविता खरोखर हिनेच लिहिल्या आहेत, असा त्याचा आशय. कवितेला साक्षीदार लागावेत ही केवढी मानहानी! परंतु इतिहासाचा अभ्यासक त्या पानाकडे निराळ्या दृष्टीने पाहतो. अपमानाचे ते पान आज पुराव्याचे पान आहे. १९१५ मध्ये व्हीटलीच्या कविता व पत्रांची आवृत्ती निघाली तिला शॉम्बर्ग यांनी प्रस्तावना लिहिली, आणि १९१६ मध्ये अमेरिकेतील कृष्णवर्णीय कवींच्या पुस्तकांची एक सूचीही प्रसिद्ध केली. सूची ही रूक्ष गोष्ट. तिला कोणी टाळ्या वाजवत नाही. पण कोणाचे काय, केव्हा आणि कोठे छापले गेले हे एकदा यादीत आले की, ‘तुमच्यात कवी झाले नाहीत’ असे म्हणणाऱ्याचे तोंड आपोआप बंद होते.

या साऱ्यामागे त्यांची एक ठाम भूमिका होती आणि मला ती त्यांच्या संग्रहाइतकीच मोलाची वाटते. इतिहास नाकारला गेलेला समाज बोलू लागतो तेव्हा पुष्कळदा स्तुतीच्या आहारी जातो. प्रत्येक पूर्वज महान होतो, प्रत्येक शोध आपलाच ठरतो. शॉम्बर्ग यांना हा उत्साह समजत होता, तरी मान्य नव्हता. फुगवलेला दावा एकदा खोटा ठरला की त्याच्यासोबत दहा खरे दावेही बुडतात, हे ते जाणून होते. १९२५ मध्ये ‘सर्व्हे ग्राफिक’ मासिकाच्या हार्लेम विशेषांकात, आणि नंतर अॅलन लॉक यांनी संपादित केलेल्या ‘द न्यू नीग्रो’ या ग्रंथात आलेल्या त्यांच्या निबंधाचे सूत्र हेच आहे : भविष्य घडवण्यासाठी भूतकाळ खणून काढावा लागेल, पण तो कागदोपत्री सिद्ध झालेला असावा. (‘नीग्रो’ हा शब्द त्या काळी तो समाज स्वतःसाठी वापरी, आज तो वापरत नाहीत. संस्थांच्या व पुस्तकांच्या नावांपुरताच तो येथे ठेवला आहे.) शालेय इतिहासात आपण मुलांना भौतिक, लिखित आणि मौखिक साधने शिकवतो. शॉम्बर्ग यांनी लिखित साधनांवर इतका भर दिला, कारण आजीच्या तोंडची कथा न्यायालयात आणि विद्यापीठात कोणी ऐकून घेत नव्हते.

गुलामगिरीत जन्मलेले पत्रकार जॉन एडवर्ड ब्रूस यांच्यासह १९११ मध्ये त्यांनी ऐतिहासिक संशोधनासाठी ‘नीग्रो सोसायटी फॉर हिस्टॉरिकल रिसर्च’ ही संस्था स्थापन केली. जुलै १९१३ मध्ये पेन्सिल्व्हेनियातील चेनी येथे शिक्षकांच्या उन्हाळी वर्गापुढे भाषण करताना त्यांनी शाळा-महाविद्यालयांत कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचे अध्यासन असावे अशी मागणी मांडली. त्याच १९१३ साली बाबासाहेब न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. हार्लेम वस्ती त्या विद्यापीठाला लागूनच आहे. पुढे १९२० मध्ये शॉम्बर्ग ‘अमेरिकन नीग्रो अकॅडमी’चे अध्यक्ष निवडले गेले. पदवीधरांच्या त्या मेळाव्यात पदवी नसलेला बँक कारकून अध्यक्षस्थानी बसला. त्यांच्या कागदांचा उपयोग सर्वांनी केला. त्यांना विद्वान म्हणून बरोबरीचा मान देताना मात्र पुष्कळांनी हात आखडता घेतला.

ब्रुकलिनच्या कोसियस्को मार्गावरील त्यांच्या घरात कागदांचे ढीग वाढत गेले. घरच्यांनी हे सारे कसे सोसले असेल, याचा विचार पुरुषांनी लिहिलेल्या चरित्रांत फारसा होत नाही. माझ्या मते संग्रहाच्या श्रेयात त्या घरातील स्त्रियांचाही वाटा धरला पाहिजे. आता प्रश्न असा होता की, हे सारे पुढे कोणाचे? खासगी संग्राहकाच्या मृत्यूनंतर लिलाव होतो आणि आयुष्यभराची जुळणी एका दिवसात विखुरते. श्रीमंताच्या कपाटात गेले तरी समाजाच्या दृष्टीने ते गेल्यातच जमा.

उत्तर हार्लेममध्ये मिळाले. १३५व्या रस्त्यावरील सार्वजनिक ग्रंथालयाच्या शाखेत कृष्णवर्णीयांविषयीच्या पुस्तकांना इतकी मागणी होती की ती वाचून वाचून फाटत. ग्रंथपाल अर्नेस्टीन रोझ यांनी दुर्मीळ ग्रंथ घरी न देता तेथेच वाचण्यासाठी वेगळे ठेवायचे ठरवले. त्यातून मे १९२५ मध्ये कृष्णवर्णीयांचे साहित्य, इतिहास व चित्रे यांचा स्वतंत्र विभाग सुरू झाला. कॅथरिन लॅटिमर या न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयातील पहिल्या कृष्णवर्णीय ग्रंथपाल तो विभाग सांभाळू लागल्या. १९२६ मध्ये कार्नेगी कॉर्पोरेशनने १०,००० डॉलर देऊन शॉम्बर्ग यांचा संग्रह विकत घेतला आणि तो या शाखेला दिला. पाच हजारांहून अधिक ग्रंथ, सुमारे तीन हजार हस्तलिखिते, दोन हजार मुद्रित चित्रे आणि हजारो पुस्तिका. ग्रेनाडा येथे लॅटिनचे अध्यापन करणारा आफ्रिकी वंशाचा कवी हुआन लातिनो याचे १५७३ मधील छापील काव्यही त्यात होते. एवढ्या ऐवजासाठी ती रक्कम थोडीच म्हणावी लागेल. पण ज्या मुलाला वर्गात काही उत्तर देता आले नव्हते, तशा कोणत्याही मुलाने रस्त्यावरून आत यावे, शुल्क न देता ते पान मागावे आणि त्याला ते मिळावे, ही सोय त्या व्यवहारात झाली.

मिळालेल्या पैशांतून ते युरोपात गेले आणि पुन्हा कागदच शोधत राहिले. सेव्हिलच्या दप्तरखान्यात त्यांनी आफ्रिकी वंशाच्या स्पॅनिश लोकांचे माग काढले. माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात त्यांना हुआन दे पारेहा याचे चित्र पाहायचे होते. हा थोर चित्रकार वेलाझ्केझ याचा गुलाम. १६५० मध्ये रोम येथे धन्याने त्याच्या मुक्तीचा लेख करून दिला आणि तो स्वतः चित्रकार झाला. १६६१ मधील त्याच्या ‘संत मॅथ्यूला पाचारण’ या भव्य चित्रात अगदी डाव्या कडेला त्याने स्वतःला रंगवले आहे. ताठ उभा, नजर पाहणाऱ्याकडे, आणि हातात एक कागद. त्या कागदावर त्याचे नाव आहे. या एका चित्रासाठी केलेला हजारो मैलांचा प्रवास शॉम्बर्ग यांना अजिबात वायफळ वाटला नाही.

बँकेतून निवृत्त झाल्यावर १९३१ मध्ये ते टेनेसी राज्यातील नॅशव्हिल येथील फिस्क विद्यापीठात ग्रंथसंग्रहाचे पालक म्हणून गेले. तेथे या विषयावरील शंभराच्या आसपास असलेली पुस्तकसंख्या त्यांनी सुमारे वर्षभरात चार हजारांच्या वर नेली. मात्र दक्षिणेत वर्णभेदाचे कायदे कडक होते. १९३२ मध्ये ते परतले आणि १३५व्या रस्त्यावरील आपल्याच संग्रहाचे वेतनधारी रक्षक झाले. आर्थिक मंदीचे दिवस होते. तरी त्यांची खरेदी, पत्रव्यवहार आणि येणाऱ्या प्रत्येक वाचकाला कागद काढून दाखवणे थांबले नाही.

जून १९३८ मध्ये ब्रुकलिन येथे त्यांचे निधन झाले. त्यांनी मोठा ग्रंथ लिहिला नाही. जे लिहिले त्यातही भाषेचा डौल कमीच. १९४० मध्ये त्या विभागाला त्यांचे नाव देण्यात आले, १९७२ मध्ये त्याला न्यूयॉर्क सार्वजनिक ग्रंथालयाच्या संशोधन केंद्राचा दर्जा मिळाला आणि १९८० मध्ये नवी इमारत उभी राहिली. आज तेथे एक कोटीहून अधिक वस्तू व कागद आहेत, आणि नोंदणी करून कोणालाही ते पाहता येतात.