गोदावरीला बांध घालणारा सेनाधिकारी

त्र्यंबकेश्वरी उगम पावणारी गोदावरी आपणांस पूजनीय; पण तिच्या मुखाशी वसलेली प्रजा १८३३ च्या दुष्काळात अन्नावाचून मेली. भरली नदी समुद्रास मिळावी आणि काठची माणसे उपाशी मरावीत, हे शल्य मद्रास इंजिनिअर्समधील आर्थर कॉटन (१८०३-१८९९) यांनी ओळखले. कावेरीच्या खोऱ्यात कोलेरून नदीवर बंधारे बांधून हात बसल्यावर त्यांनी १८४७ ते १८५२ या काळात राजमहेंद्रीजवळ धवळेश्वरम येथे बंधारा उभारला. कालव्यांतून शेतीस पाणी आणि नौकांस मार्ग मिळाला. रेल्वेपेक्षा जलमार्ग श्रेयस्कर, हा त्यांचा आग्रह मात्र सरकारने मानला नाही. १८६१ साली ‘सर’ हा किताब लाभला. जुन्या बंधाऱ्याच्या जागी झालेल्या नव्या बॅरेजला त्यांचेच नाव आहे. परसत्तेच्या या सेवकास गोदाकाठचा शेतकरी आजही कृतज्ञतेने स्मरतो.